कागदी कप बाजूला ठेवा, पोर्टफोलिओ उघडा

गेल्या अंकात फंड कंपन्या आणि पर्यावरण यावर ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली काही घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण अर्ध्या लोकांनी तशी विनंती केलीये आणि उरलेल्यांचे साहेबही आपला अंक वाचत असतील.

प्रश्न : ताई, मी वागळे इस्टेटमधल्या एका पीएमएस फर्ममध्ये (क्लायंटचे पैसे शेअरमध्ये लावून सांभाळणारी फर्म) ऑपरेशन्सला आहे, आम्ही सगळे मिळून तीसेक जण. सरांनी बोलावून सांगितलं की हल्ली क्लायंट विचारायला लागलेत, तर आपल्या फर्मची पर्यावरणाबद्दलची जबाबदारी असं एक पान तयार कर, छान दिसलं पाहिजे. मी लिस्ट काढली : प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या, कागदी कपांऐवजी स्टीलचे ग्लास आणले, स्टेटमेंट ईमेलवर जातात, पावसाळ्यात घोडबंदरच्या बाजूला झाडं लावली त्याचे फोटो आहेत. पण लिहायला बसले तर अर्ध्या पानात संपलं. अजून काय टाकू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : अगं, अर्ध्या पानात संपणारच. तीस माणसांचं ऑफिस, ना भट्टी ना धुराडं, ते करून करून किती प्रदूषण करणार? तुमच्या फर्मचं पर्यावरणाशी जे काही नातं आहे ते पँट्रीत नाहीये, ते क्लायंटचे पैसे ज्या कंपन्यांत लावलेत तिथे आहे, आणि तुझ्या लिस्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

हिशोबच मांडून बघू. समजा तुमचं महावितरणचं बिल महिन्याला ४,००० युनिटचं येतं. आपल्या ग्रिडच्या विजेत अजून कोळसा भरपूर आहे त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. म्हणजे महिन्याला २.८ टन, वर्षाला चौतीसेक टन. आता धर की क्लायंटच्या पैशातले १० कोटी एका सिमेंट कंपनीत आहेत, त्या कंपनीची शेअरबाजारातली किंमत अधिक कर्ज मिळून २०,००० कोटी, आणि ती वर्षाला १ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते. हे आकडे मी हिशोबापुरते घेतलेत, कुठल्या खऱ्या कंपनीचे नाहीत. १० भागिले २०,००० म्हणजे दोन हजारावा हिस्सा, म्हणजे ५,००० टन तुमच्या वाट्याला आले. एका शेअरमुळे. ऑफिसच्या विजेच्या जवळजवळ दीडशेपट. आणि तू ग्लास मोजत बसलीयेस.

ही पद्धत काही माझ्या डोक्यातून आलेली नाही बरं का. नेदरलँड्समधल्या बँका-वित्तसंस्थांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन पीकॅफ नावाचा गट काढला, त्यांनी हा हिशोब कसा करायचा ते लिहून ठेवलंय आणि आता जगभर तोच वापरतात. कार्बनच्या हिशोबात स्कोप १, २, ३ असं तू ऐकलं असशील, स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन, २ म्हणजे विकत घेतलेली वीज, ३ म्हणजे बाकी सगळं, आणि त्या ३ मध्ये पंधरा प्रकार आहेत त्यातला शेवटचा पंधरावा म्हणजे गुंतवणुका. कारखान्याला तो पंधरावा प्रकार नगण्य असतो, आपल्या धंद्यात तोच सगळा खेळ आहे. कंपन्यांचे पर्यावरणाचे आकडे गोळा करणाऱ्या सीडीपी या संस्थेने जगातल्या वित्तसंस्थांचे आकडे बघून २०२१ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या पोर्टफोलिओतलं उत्सर्जन त्यांच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या सरासरी ७०० पटीहून जास्त आहे.

मग पानावर काय टाकायचं? आधी फंड मॅनेजरकडे जाऊन बस. पोर्टफोलिओतली यादी घे आणि त्यातल्या कुठल्या कंपन्या बीआरएसआर (पर्यावरण आणि जबाबदारीचा दरवर्षीचा रिपोर्ट) देतात ते बघ. शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सेबीने तो रिपोर्ट सक्तीचा केलाय, बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं, तिथे वीज किती, पाणी किती उचललं, स्कोप १ आणि २ किती, कचरा किती हे सगळं कोष्टकात असतं. तुमच्या पोर्टफोलिओत समजा पंचवीस शेअर असतील तर दोन-तीन दिवसांत तू स्वतः एक्सेलमध्ये वरचा हिशोब करू शकतेस, त्याला कन्सल्टंट लागत नाही. स्मॉलकॅप म्हणजे छोट्या कंपन्या जास्त असतील तर काहींचे आकडे मिळणारच नाहीत, मग तसं स्पष्ट लिही की पोर्टफोलिओच्या एवढ्या टक्क्यांचा हिशोब झालाय, बाकीच्यांचा डेटा नाही. क्लायंटला हे वाचून तुमच्याबद्दल जास्त विश्वास वाटेल, कमी नाही, निदान मला तरी वाटेल.

दुसरं, मतदानाचं. कंपनीच्या एजीएमला म्हणजे वार्षिक सभेला ठराव येतात त्यावर मत कोण देतं? म्युच्युअल फंडांना सगळ्या ठरावांवर मत देणं १ एप्रिल २०२२ पासून बंधनकारक आहे. सेबीचा स्टुअर्डशिप कोडही (गुंतवलेल्या कंपन्यांवर लक्ष कसं ठेवायचं त्याचे नियम) म्युच्युअल फंड आणि एआयएफसाठी (बड्या गुंतवणूकदारांचे खास फंड) लिहिलाय, पीएमएस त्यात धरलेलं नाही. तुमच्याकडे शेअर क्लायंटच्या नावावरच्या डिमॅटला असतात, तर मग करारात काय लिहिलंय ते बघ, मत तुम्ही देता की क्लायंट की कुणीच नाही. कुणीच देत नसेल तर सरांना सांग की पुढच्या वर्षीपासून द्यायला लागू आणि मगच लिहू. नियम नाही म्हणून करायचं नाही असं थोडंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय लिहायचं नाही. "आम्ही प्रत्येक गुंतवणूक करताना पर्यावरणाचा विचार करतो" हे वाक्य सर नक्की टाकायला सांगतील, सगळ्यांच्याच पानावर असतं ते. टाकू नकोस, जोपर्यंत प्रत्येक शेअरच्या रिसर्च नोटमध्ये तसा विचार केलेला कागदावर दिसत नाही. डीडब्ल्यूएस नावाची जर्मनीतली प्रचंड मोठी फंड कंपनी याच वाक्यापायी अडकली. त्यांनी जगाला सांगितलं की आमच्या गुंतवणुकीच्या प्रक्रियेत ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांचा विचार) मुरलेलं आहे, आणि त्यांच्याच सस्टेनेबिलिटी विभागाच्या आधीच्या प्रमुख बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की तसं काही होत नाहीये. मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या ऑफिसवर पोलिसांची धाड पडली, लगोलग सीईओंनी राजीनामा दिला, सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामक एसईसीने १.९ कोटी डॉलरचा दंड केला आणि एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीतल्या सरकारी वकिलांनी अजून २.५ कोटी युरोचा. धूर त्यांनी सोडला नव्हता, नदीत काही ओतलं नव्हतं, दंड होता तो नुसता जे लिहिलं ते न केल्याचा. आणि तुमच्या फर्ममध्ये ते पान तू लिहिणार आहेस, ड्राफ्ट तुझ्या नावाने ईमेलवर फिरणार आहे, तेव्हा ही गोष्ट सरांना जरूर सांग, शांतपणे.

ऑफिसातलं जे करताय ते बंद करा असं मी म्हणत नाहीये. एसी २४ वर ठेवा, तापमान एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई ही ऊर्जाबचतीची सरकारी संस्था सांगते. महावितरणकडे युनिटमागे थोडे जास्त पैसे भरून हरित वीज घ्यायची सोय आहे, तीस माणसांच्या ऑफिसला ते सहज परवडेल. जुने लॅपटॉप हार्ड डिस्क पुसून अधिकृत रिसायकलरला द्या, भंगारवाल्याला नको, क्लायंटचे पॅन-आधार असतात त्यात. हे सगळं पानाच्या शेवटी दोन ओळींत येऊ दे. झाडांचे फोटो नको, प्लीज.

प्रश्न : मॅडम, मी टीटीसी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालो, वाशीला राहतो. आयुष्य रसायनांत गेलं तर म्हटलं आता थोडं पुण्य करावं, म्हणून मुलाच्या सांगण्यावरून ईएसजी नावाच्या फंडात पैसे टाकले. परवा सहज फॅक्टशीट बघितलं तर आत दोन-तीन खासगी बँका, आयटी कंपन्या आणि चक्क एक तेलाची रिफायनरीवाली कंपनी. ही फसवणूक नाही का? तक्रार कुठे करायची?
– एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : काका, रागावणं साहजिक आहे पण तक्रारीआधी फंडाचं पूर्ण नाव नीट वाचा. जुलै २०२३ मध्ये सेबीने ईएसजी फंडांचे सहा प्रकार पाडले. काही फंड ठराविक उद्योग वगळतात, काही बाकीच्या गोष्टींबरोबर ईएसजीही बघतात, काही प्रत्येक उद्योगातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या उचलतात, काही थेट परिणाम दिसेल अशाच ठिकाणी लावतात, काही ठराविक शाश्वत उद्दिष्ट ठेवून चालतात, आणि सहावा प्रकार ट्रान्झिशनचा म्हणजे आज प्रदूषण करणारी पण बदलायला लागलेली कंपनी घेणारा. कुठला प्रकार ते फंडाच्या नावातच लिहावं लागतं, आणि ८० टक्के पैसा त्या पद्धतीनेच लावावा लागतो. तुमच्या फंडाच्या नावात बेस्ट-इन-क्लास असेल तर रिफायनऱ्यांतली त्यातल्या त्यात बरी रिफायनरी आत येऊ शकते, ट्रान्झिशन असेल तर मग येणारच. पण एक्स्क्लूजन म्हणजे वगळण्याचा प्रकार असेल तर एसआयडी (फंडाचं माहितीपत्रक) उघडा आणि काय काय वगळणार म्हणून लिहिलंय ते बघा. तेल-वायू वगळणार असं लिहून रिफायनरी घेतली असेल तर मग तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर. आधी फंड कंपनीला लिहा, आणि त्यांनी दाद दिली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जा, तिथे तक्रार नोंदली की २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बरेचदा होतं काय की वगळण्याच्या यादीत तंबाखू, दारू, जुगार असली नावं असतात, निफ्टी १०० ईएसजी इंडेक्समध्येही तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं वगळलेली आहेत, तेलाचं काही नाही. तुमच्या मनातलं पुण्य आणि त्यांच्या कागदावरचं पुण्य वेगळं निघतं ते असं.

बँका आणि आयटी का भरलेत? कारण त्यांना धुराडं नसतं. वर कळव्याच्या मुलीला जे सांगितलं तेच इथे लागू आहे, बँकेच्या शाखेतून काय धूर निघणार, पण बँकेने कर्ज कुणाला दिलंय ते स्कोप ३ मध्ये येतं आणि बीआरएसआरमध्ये स्कोप ३ अजून ऐच्छिकच आहे. त्यामुळे कागदावर बँक एकदम स्वच्छ दिसते. मला विचाराल तर आपल्याकडच्या ईएसजी फंडांतली सगळ्यात मोठी पळवाट हीच आहे, आणि ती बेकायदेशीर नाहीये म्हणून जास्त त्रास होतो.

अजून एक गोष्ट, कंपनीला ईएसजीचा स्कोअर देणारे वेगवेगळे असतात आणि त्यांचं आपापसात पटत नाही. सहा मोठ्या रेटिंग देणाऱ्यांची तुलना करणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या गुणांमधला सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला. १ म्हणजे पूर्ण एकमत, त्यावरून अंदाज घ्या. तेव्हा स्कोअर ८० आहे म्हणून खूश होऊ नका आणि ५० आहे म्हणून लगेच काढूही नका. तुम्ही केमिकलमध्ये आयुष्य काढलंय, तुम्हाला ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) म्हणजे काय ते कळतं, सीओडीचे (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचे) आकडे कळतात, तर तुम्ही सरळ कंपनीचा बीआरएसआर वाचा. स्कोअर देणाऱ्या पोरांपेक्षा तुम्हाला त्यात जास्त दिसेल, हे मी कौतुक म्हणून नाही, खरंच म्हणतेय.

प्रश्न : ताई, आम्ही कोपरखैरण्यात राहतो. रात्री अकरा-बारानंतर कधी कधी असा उग्र वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, मुलाला आधीच दमा आहे. माझी एक एसआयपी चालू आहे आणि त्या फंडाच्या यादीत मला एका केमिकल कंपनीचं नाव दिसलं जिचा प्लांट आपल्याच पट्ट्यात आहे. म्हणजे माझ्याच पैशावर हे चाललंय असं वाटून झोप लागेना. एसआयपी बंद करू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वास त्याच कंपनीचा आहे हे आपल्याला माहीत नाही, त्या पट्ट्यात शेकडो युनिट आहेत, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करू. वासाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून, शेजारच्या चार घरांनी वेगवेगळी करायची, एकत्र सह्यांचं एक पत्र नको कारण त्याची एकच तक्रार धरली जाते. तळोज्याला कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण लोकांनी चिकाटी धरली म्हणूनच हरित लवादापर्यंत गेलं.

आता पैशाचं. तुम्ही एसआयपी बंद केलीत तर त्या कंपनीच्या खिशातून एक रुपया जात नाही. फंडाने शेअर बाजारातून घेतलेत, दुसऱ्या कुणाकडून तरी, कंपनीला त्यात काही मिळालेलं नाही. फंडाने विकले तर अजून कुणीतरी घेईल, कदाचित असा कुणी ज्याला कोपरखैरणे कुठे आहे हेही माहीत नसेल आणि जो कंपनीला कधी एक प्रश्न विचारणार नाही. खूप मोठ्या प्रमाणावर सगळ्यांनीच विकायला काढलं तर भाव पडून कंपनीला पुढे भांडवल महाग पडतं हे खरं, पण तुमच्या एकटीच्या एसआयपीने ते होत नाही. पैसा खरोखर कंपनीच्या हातात जातो तो आयपीओतल्या नव्या शेअरांत, राइट्स इश्यूत (जुन्या भागधारकांना नवे शेअर देतात तेव्हा) आणि कंपनीने काढलेल्या नव्या कर्जरोख्यांत. फंड कंपनीने नाही म्हणायची जागा असेल तर ती तिथे आहे, आणि ते डेट फंडात जास्त असतं, पण पर्यावरणाबद्दल लोक प्रश्न विचारतात ते मात्र फक्त इक्विटी फंडाला. हे मला नेहमी उलटं वाटतं.

शेअर हातात असताना फंडाकडे जी खरी ताकद असते ती मताची. तुमच्या फंड कंपनीच्या साइटवर दर तिमाहीची मतदानाची फाइल टाकावी लागते, कुठल्या कंपनीच्या कुठल्या ठरावावर बाजूने दिलं, विरोधात दिलं की तटस्थ राहिले, आणि का. फाइल लांबलचक एक्सेल असते, त्यात त्या कंपनीचं नाव शोधा. बहुतेक ठराव संचालकांच्या नेमणुका, पगार, ऑडिटर असलेच असतील, "प्रदूषण कमी करा" असा ठराव आपल्याकडे क्वचितच दिसेल. पण संचालकाची फेरनेमणूक हाही पर्यावरणाचाच ठराव होऊ शकतो, ज्या कंपनीला प्रदूषण मंडळाचा दंड झालाय तिथे त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या संचालकाला तुम्ही परत निवडून का दिलंत असं फंडाला विचारता येतं.

दंड झालाय का हे कसं कळणार? तेही बीआरएसआरमध्ये आहे. सहाव्या तत्त्वाखाली कंपनीला सांगावं लागतं की पाणी, हवा आणि पर्यावरणाचे कायदे पाळले का, नसतील तर कुठला मोडला, मंडळाने किंवा कोर्टाने काय दंड केला, आणि नंतर काय सुधारणा केली. ते पान काढा, स्क्रीनशॉट घ्या, आणि फंड कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्स अधिकाऱ्याला ईमेल करा, पत्ता एसआयडीत असतो. रागाचं पत्र नको. एवढंच विचारा की या कंपनीशी तुम्ही यावर बोललात का, बोललात तर कधी, आणि काय उत्तर आलं. स्टुअर्डशिप कोडखाली गुंतवलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवणं आणि त्यांच्याशी बोलणं हे त्यांचं काम आहे, आणि केलं की नाही ते सांगणंही. तुमचं एकटीचं पत्र आलं तर ठेवून देतील कदाचित, पण सोसायटीतल्या पाच-सहा जणांची एकाच फंडात एसआयपी असली तर तेवढी पत्रं बाजूला सारणं अवघड जातं. दोन तिमाह्या वाट बघून गुळमुळीतच उत्तर आलं तर मग फंड बदला, आणि बदलताना का बदलताय ते लिहून पाठवा. न लिहिता निघून गेलात तर त्यांना वाटेल रिटर्न कमी म्हणून गेल्या.

प्रश्न : नमस्कार. मी बेलापूरला एका फंड हाउसच्या रिसर्च टीमला आहे. आमचे सीनियर म्हणतात हे ईएसजी वगैरे फॅड होतं, अमेरिकेत सगळे बाहेर पडलेत, आता आपण कशाला लोड घ्यायचा. माझ्याकडे उत्तर नव्हतं.
– एक वाचक, सीवूड्स

उत्तर : बाहेर पडलेत हे खरंच आहे. नेट झिरोचं (निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं) वचन देणारा फंड कंपन्यांचा गट डिसेंबर २०२० मध्ये निघाला, व्हॅनगार्ड २०२२ च्या डिसेंबरात बाहेर, ब्लॅकरॉक जानेवारी २०२५ मध्ये बाहेर, आणि त्यानंतर लगेच त्या गटाने आपलं कामच थांबवलं. ते सगळं स्वेच्छेचं होतं, राजकारणाचं वारं फिरलं तसे निघाले. पण सीनियरना विचारा, बीआरएसआर काय स्वेच्छेचा आहे का? आणि युरोपचा सीबॅम, म्हणजे आयातीवरचा कार्बनचा कर? सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर कार्बनचा हिशोब द्यायला ऑक्टोबर २०२३ पासून लावलं आणि प्रत्यक्ष पैशाचा भार १ जानेवारी २०२६ पासून. तुम्ही पोलाद निर्यात करणाऱ्या कंपनीचं मॉडेल बनवताय आणि टनामागे कार्बन किती ते माहीत नाही तर तुमचं मार्जिनच चुकणार. आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना काढलीये, त्यात जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांना उत्सर्जनाची टार्गेटं आहेत. याला ईएसजी म्हणा नाहीतर कॉस्ट शीट म्हणा, ॲनालिस्टला ते बघावंच लागतं.

सीनियरचं एक मात्र बरोबर आहे, की गेल्या काही वर्षांत या नावाखाली बराच फालतूपणा झाला, सुंदर पीपीटी, पानांचे फोटो, हिरवे बाण. तो गेला तर मला काही वाईट वाटणार नाही. तो गेल्यावर उरतं ते काम करा, आणि नाव नका देऊ कसलं.

प्रश्न : आमच्या नेरुळच्या सोसायटीला एका फायनान्स कंपनीने विचारलंय की सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या खर्चातून) खाडीकिनारी खारफुटी लावू, तुमचे मेंबर आणि मुलं या, फोटो काढू, टी-शर्ट देऊ. सगळे खूश आहेत. मला एकटीलाच कसंतरी वाटतंय, मी उगाच खुसपट काढतेय का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही काढत आहात. पहिला प्रश्न, जागा कुठली? भरती-ओहोटीच्या मधला जो उघडा चिखल दिसतो तो मोकळा पडलेला प्लॉट नव्हे, फ्लेमिंगो आणि बाकीचे स्थलांतरित पक्षी तिथेच खातात. त्यावर खारफुटी लावली की पक्ष्यांचं ताट आपणच उचललं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ते खारफुटी आणि चिखल दोन्हींमुळे. तेव्हा कंपनीला विचारा की वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी आहे का आणि जागा त्यांनीच दाखवलीये का. आधी खारफुटी होती आणि राडारोडा टाकून मेली अशी जागा असेल तर लावायला काहीच हरकत नाही, पण मग तीन वर्षं राखायचे पैसेही लिहून घ्या, नुसते लावण्याचे नको. आणि पाणी आत यायची वाट भरावाने बंद झाली असेल तर आधी ती मोकळी करा, बरेचदा तेवढं केलं की खारफुटी आपली आपण येते, रोपं लावावीच लागत नाहीत. अर्थात त्याचा फोटो चांगला येत नाही.

दुसरं, सीएसआर हे कायद्याने करायचं काम आहे. वर्षाला ५ कोटी नफा झालेल्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात. त्या २ टक्क्यांबद्दल टी-शर्ट घालून आभार मानताना त्याच कंपनीने खाडीकाठच्या कुठल्या बांधकामांना कर्ज दिलंय हेही सहज विचारून बघा, चहाच्या वेळी, हसत हसत.

प्रश्न : मॅडम, ईएसजी फंडात रिटर्न कमी मिळतात का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आयटी आणि बँका जास्त आहेत, त्यामुळे त्या चालल्या तर जास्त, नाही चालल्या तर कमी. पर्यावरणाचा त्यात फारसा हात नाही.

प्रश्न : मी नौपाड्यात म्युच्युअल फंड वितरक आहे. क्लायंट म्हणतो मला "ग्रीन" फंड द्या. हो म्हणू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्रीन हा शब्द तुमच्या तोंडून किंवा व्हॉट्सअॅपवरून जाऊ देऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फुगवलेल्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणलीत, असल्या मोघम शब्दांना पुरावा मागतात. क्लायंटला आधी विचारा त्याला नक्की काय नकोय, कोळसा, तंबाखू, की आणखी काही. मग फंडाच्या नावातला प्रकार, एसआयडीतली वगळण्याची यादी आणि शेवटच्या महिन्याचा पोर्टफोलिओ एवढं त्याच्यापुढे ठेवा आणि त्यातलं पहिल्या दहा कंपन्यांचं पान त्याला तुमच्यासमोर वाचू द्या. बरेच जण ते पान वाचून साधा इंडेक्स फंडच घेतात. त्यात तुमचं कमिशन थोडं कमी होईल, पण तो क्लायंट वर्षभराने वाशीच्या काकांसारखं पत्र आम्हाला तरी लिहिणार नाही.